ऊर्ध्व वर्धा खोऱ्यासाठी 'वीप' आणि 'लीप': एक परीक्षण

स्टॉकहोम एन्व्हायर्न्मेंट इन्स्टिट्यूटचे 'वीप' हे पाणी नियोजनाचे आणि 'लीप' हे ऊर्जा नियोजनाचे सॉफ्टवेअर एकमेकांना जोडता येते, आणि अमरावती जिल्ह्यातील मोर्शी-वरूडच्या संत्रापट्ट्यासाठी त्यांचे खरे मोल या जोडणीतच आहे. संत्र्याच्या ओलिताचा प्रश्न येथे केवळ पाण्याचा नाही; बोअरमधून पाणी उपसायला वीज लागते, आणि ती वीज तयार करणाऱ्या औष्णिक केंद्रांना पुन्हा पाणीच लागते.

वीपमध्ये प्रत्येक मागणीला 1 ते 99 असा प्राधान्यक्रम देता येतो. 1 म्हणजे सर्वांत आधी. राज्याच्या 2003 च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग व मग शेती असा क्रम होता, तो 2011 मध्ये बदलून शेती उद्योगाच्या आधी आणली गेली. ऊर्ध्व वर्धा धरणाच्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) शेती आणि उद्योग यांचे प्राधान्यक्रम अदलाबदल केले, की कोणत्या महिन्यात कोणाला किती तूट सोसावी लागेल, हे आलेखावर लगेच उमटते. हिशेब महिनावार असल्याने आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्याची) फळे झाडावर असतानाची एप्रिल-मेमधील ओढाताण वार्षिक सरासरीत बुडून जात नाही, आणि मला हे या साधनाचे सर्वांत मोठे बळ वाटते.

सौरपंपांचा विचारही येथे दोन्ही बाजूंनी करता येतो. 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात 2024 पासून मोफत वीज आहे. त्यात सौरपंप बसला, की रात्रपाळीच्या लाइटचेही बंधन उरत नाही. कोळशाची वीज वाचते, पण उपसा वाढू शकतो. लीपमध्ये पहिली बाब दिसते, वीपमध्ये दुसरी.

उणीव भूजलाची आहे. वीपच्या साध्या मांडणीत भूजल म्हणजे एक मोठे टाके, तर आपल्या काळ्या पाषाणात एका धुऱ्याच्या दोन बाजूंच्या बोअरनाही सारखे पाणी लागत नाही. 'मॉडफ्लो' हे भूजलाचे प्रतिमान जोडण्याची सोय आहे, परंतु त्याला लागणाऱ्या सविस्तर नोंदी तालुक्याच्या पातळीवर जमवणे अवघड जाते. म्हणून धरणाच्या पाणीवाटपासाठी हे साधन मी निःसंकोच सुचवीन. एखाद्या गावात नवे बोअर होऊ द्यावे की नाही, हे मात्र त्यावरून ठरवू नये.

सॉफ्टवेअर विंडोजवर चालते, आणि आपल्याकडील शासकीय, शैक्षणिक व ना-नफा संस्थांना परवाना मोफत मिळतो.