‘मिक्स’ लिहावे की ‘ब्लेंड’?
इंग्रजीत पाककृती लिहिताना ‘मिक्स’ आणि ‘ब्लेंड’ यांपैकी कोणते क्रियापद निवडावे, असे एका मैत्रिणीने विचारले. अर्थाच्या दृष्टीने ‘मिक्स’ अधिक व्यापक आहे. कोशिंबिरीतली काकडी आणि दाण्याचे कूट वेगळे ओळखू आले तरी ते चालते. ‘ब्लेंड’मध्ये मात्र घटक एकजीव होणे अपेक्षित असते, म्हणूनच निरनिराळ्या मळ्यांच्या चहांचा मेळ साधून केलेल्या मिश्रणाला आणि ‘ब्रेकफास्ट’ व ‘लंच’ यांपासून घडलेल्या ‘ब्रंच’ या शब्दालाही ‘ब्लेंड’ म्हणतात. व्याकरणात दोन्हींना ‘विथ’ चालते. खरी काळजी पुढे आहे: ‘मिक्स अप’ म्हणजे गल्लत करणे, तर ‘ब्लेंड इन’ म्हणजे भोवतालच्यांत बेमालूम मिसळून जाणे. नुसते कालवायचे असेल तेथे ‘मिक्स’ लिहावे. चटणी गुळगुळीत वाटायची असेल किंवा चित्रातल्या रंगछटा एकमेकींत विरवायच्या असतील, तर ‘ब्लेंड’च योग्य.