महालातील वाड्यात चुलीच्या जागी गॅस शेगडी: एका स्थानिक सेवेविषयी

नागपूरच्या महाल भागातील आमचा वाडा वारसा वास्तूंच्या यादीत दुसऱ्या श्रेणीत आहे. या श्रेणीत आतील बदलांना सरसकट मनाई नसली, तरी वारसा संवर्धन समितीची संमती लागते. त्यामुळे स्वयंपाकघरातील जुन्या वैलाच्या चुलीऐवजी गॅसची शेगडी बसवण्याचे काम नेहमीच्या फिटरकडे सोपवण्यासारखे नव्हते. जुन्या घरांची दुरुस्ती करणाऱ्या येथील एका वास्तुविशारद बाईंनी व त्यांच्या गवंड्यांनी ते केले. महालात आणि इतवारीत अशी घरे अजून आहेत, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी ज्यांना विचारले, त्यांनी चूल फोडून सिमेंटचा ओटा घालावा, भिंतीला टाइल्स लावाव्यात आणि धुराडे बुजवून टाकावे, असे सुचवले होते. बाईंनी पहिल्याच भेटीत याला ठाम नकार दिला. चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. न्हाणीजवळ मागच्या पिढीत सिमेंटने लिंपलेली एक पट्टी आहे. तिच्यावर त्यांनी बोटाने ठोकले तर पोकळ आवाज आला, कडेचा पापुद्रा नखानेच निघाला आणि मागच्या विटेचा भुगा हातावर पडला. त्यानंतर घरात कोणालाही अधिक समजावण्याची गरज राहिली नाही.

त्यांनी चुलीला धक्का लावला नाही. तिच्या दोन्ही बाजूंना पाय येतील अशी लोखंडी चौकट उभी केली, पायांखाली रबराच्या चकत्या घातल्या आणि वर कडप्प्याची लादी नुसती टेकवली. भिंतीत एकही नवे छिद्र पाडलेले नाही. चौकट नटबोल्टची असल्याने ती उकलली की चूल पुन्हा मोकळी होते. पालथ्या मडक्यावर लांब पोळ्या करण्यासाठी ती हाताशी असावी, ही सासूबाईंची अट अशा रीतीने पाळली गेली. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी लागते, तीही गरज याच चौकटीने भागली.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते धुराड्याचे काम. वापरात नसलेले धुराडे दोन्ही टोकांनी बंद केले, तर आत ओल धरते, ती काजळीत मिसळते आणि गिलाव्यावर तपकिरी डाग उमटतात. त्यांनी काजळी खरवडून, पारव्यांची घरटी काढून, वरच्या तोंडाशी विटांच्या चार खुंट्यांवर दगडी झाकण बसवले व मधल्या फटींना जाळी लावली. पाऊस आत येत नाही, पण वारा खेळता राहतो. भिंतीच्या तळाशी असलेला जुना झरोका आम्ही उंदरांच्या भीतीने बुजवला होता. तोही जाळी लावून उघडण्यात आला, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास जमिनीलगत साचतो.

शेगडी दोन बर्नरची, स्टीलची, आयएसआय चिन्हाची घेतली. काचेची त्यांनी नको म्हटले आणि आमच्या जड पितळी पातेल्यांचा विचार करता ते योग्यच होते. नळी दीड मीटरच्या आत ठेवली असून, पाच वर्षांनी ती बदलण्याची तारीख चौकटीवर रंगवून दिली आहे.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. समितीपुढे ठेवायच्या नकाशांचे शुल्क आधी सांगितले नव्हते. ते शेवटच्या बिलात आले. चौकटीमुळे चुलीवर अंधार पडतो आणि मागचा कोपरा झाडणे अवघड जाते. लादी थोडी अरुंद घेतली असती तर हे टळले असते. गवंड्यांची कारागिरी मात्र इतकी नेटकी आहे की, धुराड्याभोवतीचा नवा चुना जुन्यापासून ओळखू येत नाही. ज्यांना हे काम करून घ्यायचे असेल, त्यांनी नकाशांसह पूर्ण खर्च लेखी घ्यावा आणि दिवाळीनंतर सुरुवात करावी. पावसाळ्यात चुना लवकर सुकत नाही.