वूकॉमर्सवर मसाल्यांचं दुकान : वर्षभराचा अनुभव

गोडा मसाला, मेतकूट, लोणची असा आमचा घरगुती माल पुण्यातून बाहेरगावी कुरिअरने जातो. आधी ऑनलाइन दुकानासाठी दरमहा भाडं घेणारी एक तयार सेवा होती. गेल्या दिवाळीच्या आधी दुकान वूकॉमर्सवर हलवलं आणि आता तिथून हलायचा विचार नाही.

वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालणारं हे ऑनलाइन दुकानाचं प्लगिन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, मोफत आहे, पण होस्टिंग (साइटसाठी सर्व्हरवरची जागा), डोमेन (साइटचा पत्ता) आणि एखाददुसरं सशुल्क प्लगिन यांचा खर्च येतोच. ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या पेमेंट गेटवेचे साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी वेगळे.

सगळ्यात कामाला आले ते शिपिंग झोन, म्हणजे डिलिव्हरीसाठी पाडलेले भाग. पिनकोडच्या रकान्यात ४११* लिहिलं की ४११ ने सुरू होणारे पुण्याचे पिनकोड एका झोनमध्ये येतात आणि कॅश ऑन डिलिव्हरी तेवढ्याच झोनच्या डिलिव्हरीला जोडता येते. लांबच्या ग्राहकाने माल घेतला नाही आणि पार्सल परत आलं की जायचं भाडं गेलं, यायचं गेलं, आणि लोणच्याची बरणी फुटली तर मालही गेला. आता लांबच्या ऑर्डरींचे पैसे आधीच येतात. ही एक सोय नसती, तर नफा कुरिअरवाल्याच्याच घरी गेला असता!

परराज्यात मसाले विकायचे तर उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नोंदणी लागते. कराच्या तक्त्यात महाराष्ट्रासाठी सीजीएसटी (केंद्राचा वाटा) २.५ टक्के आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) २.५ टक्के अशा दोन ओळी घातल्या, प्रायॉरिटी १ आणि २, म्हणजे दोन्ही लागतात. बाकी भारतासाठी आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा कर) ५ टक्के, प्रायॉरिटी १. ग्राहकाने राज्य निवडलं की योग्य कर आपोआप लागतो.

बिलांच्या बाबतीत मात्र हे सॉफ्टवेअर कमी पडतं. जीएसटीच्या बिलाला सलग क्रमांक हवा. इथे ऑर्डरचा क्रमांक आणि साइटवरची पानं, फोटो यांचे क्रमांक एकाच मोजणीतून येतात, त्यामुळे मधले आकडे गळतात. बिलाचे क्रमांक वेगळे देणारं प्लगिन घ्यावंच लागतं. ही गोष्ट मुळातच असायला हवी होती.

यूपीआयबद्दल एक सांगतो. ग्राहक ॲपमध्ये पैसे भरतो आणि पुष्कळदा ब्राउझरवर परत येतच नाही. गेटवेचा वेबहुक, म्हणजे पैसे आल्याचं दुकानाला आपोआप कळवणारी जोडणी, लावलेला नसेल, तर पैसे येऊनही ऑर्डर पेंडिंग राहते आणि स्टॉक धरून ठेवायची मुदत, जी मुळात ६० मिनिटं असते, संपली की रद्द होते. दुकान उघडण्याआधी एक रुपयाची वस्तू ठेवून हे तपासाच.

अपडेटचं काम कायमचं मागे लागतं. दोन प्लगिनचं आपसात पटलं नाही की चेकआउट (ग्राहकाने ऑर्डर देऊन पैसे भरायचं पान) अडकतं, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून आधी बॅकअप, मग अपडेट, आणि सणाच्या आठवड्यात कशालाच हात लावायचा नाही. घरात हे बघणारं कोणी नसेल आणि विकायच्या वस्तू दोन-चारच असतील, तर भाड्याची सेवाच घ्या. तिथले पैसे वाया जात नाहीत.