झूम एल-१२ : गणपतीच्या स्टेजवर आणि भांडुपच्या वन-बीएचकेत

आधीच सांगतो, मी काही साऊंड इंजिनियर नाही, पेटी वाजवतो. आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे, भावगीतं, नाट्यगीतं, मधे दोन-तीन लावण्या, गणपतीत मंडळांचे कार्यक्रम, जमलीच तर एखादी दिवाळी पहाट आणि बाकी वर्षभर घरी बसून रेकॉर्डिंगची खाज. मिक्सर, म्हणजे सगळे माईक आणि वाद्यं जोडून आवाज कमी-जास्त करायचा डबा, कुठला घ्यायचा हे काम माझ्या गळ्यात पडलं कारण ग्रुपमधे सोल्डरिंग फक्त मला येतं, एवढीच काय ती पात्रता. शेवटी घेतला तो झूमचा एल-१२, पण तिथपर्यंतची गोष्ट आधी.

पहिल्या मिक्सरला मी चक्क फसलो. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात गेलो, सांगितलं की सगळे माईक वेगवेगळे रेकॉर्ड व्हायला पाहिजेत, तर काउंटरवरचा म्हणाला हा घ्या ना, यूएसबी आहे, कॉम्प्युटरला लावा, सगळं येतं. घरी येऊन लावला तर आले दोनच ट्रॅक (वेगळ्या रेकॉर्ड झालेल्या आवाजाच्या पट्ट्या), लेफ्ट आणि राइट. परत गेलो तर म्हणे येतंय ना सगळं, अजून काय पाहिजे. आता यावर काय बोलणार. त्या वर्षी मंडळाचा कार्यक्रम त्याच्यावरच रेकॉर्ड केला आणि एका लावणीत ढोलकी एवढी वर चढलीये की आमच्या ताईंचा अख्खा अंतरा तिच्याखाली गेला. ढोलकी आणि आवाज एकाच फाइलमधे, कमी काय करणार आणि जास्त काय करणार, पोह्यात मीठ जास्त पडल्यावर काढता येतं का परत.

म्हणून सांगतो, बॉक्सवर दहा चॅनल, बारा चॅनल (माईक-वाद्यं जोडायच्या जागा) काय लिहिलंय त्याच्यावर जाऊ नका, यूएसबी किती आत किती बाहेर ते विचारा, म्हणजे लॅपटॉपला वेगळे ट्रॅक किती जातात आणि परत किती येतात. यामाहाचा एमजी१०एक्सयू घ्या उदाहरणाला, दणकट, साफ आवाज, इफेक्ट चांगले, नुसतं स्टेजवर वाजवायचं असेल तर मी आजही डोळे झाकून सांगेन, पण यूएसबी २ आत २ बाहेर, म्हणजे तुमचे दहाच्या दहा चॅनल एकत्र कालवूनच लॅपटॉपला जाणार. साऊंडक्राफ्टचा सिग्नेचर १२ एमटीके आहे त्यात १४ आत १२ बाहेर, तो खरा मल्टिट्रॅक, पण त्याचाच भाऊ नुसता सिग्नेचर १२, दिसायला जवळपास तसाच, त्यात तेवढं नाही. एमटीके ही तीन अक्षरं बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

दुसऱ्या वेळी शहाणा झालो, वही घेतली आणि स्टेजवर नक्की किती माईक लागतात ते मोजलं. गायक एक, गायिका एक, निवेदक एक, पेटी एक, तबला एक, डग्गा एक, ढोलकी एक, बासरी एक. झाले आठ. कीबोर्डला स्टिरिओ दोन लाइन, ऑक्टोपॅडला दोन. बारा. म्हणजे आठ माईक प्रीअ‍ॅम्प (माईकचा बारीक सिग्नल वाढवणारी सोय) आणि वर दोन स्टिरिओ जोड्या, याच्यापेक्षा कमी चालणार नाही आणि जास्तीचे पैसे मोजायची ऐपत नाही. तबल्याला एकच माईक लावा असं खूप जण सुचवतात, स्टेजवर ते चालतं, मात्र रेकॉर्डिंगमधे डग्ग्याची घुमक आणि चाटेचा टणत्कार एकाच माईकला बरोबर धरणं ज्याला जमतं त्याला माझा नमस्कार.

मग काय काय बघितलं ते पटकन सांगतो. बेहरिंगरचा एक्सआर१८ सगळ्यात जास्त मोहात पाडतो, १६ माईक प्रीअ‍ॅम्प, यूएसबी १८ बाय १८, मॉनिटरला (वाजवणाऱ्यांना स्वतःचं ऐकायला) सहा ऑक्स, म्हणजे सहा वेगळ्या आऊट लाइन, पण वर एकही फेडर (लेव्हलची सरकती दांडी) नाही, सगळं टॅबलेटवर. आणि आतलं वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं, पाचशे माणसं खिशात मोबाइल घेऊन बसलेल्या मंडपात त्याच्या भरवशावर मी तरी बसणार नाही, वेगळा राऊटर घ्यावाच लागतो. वर रेकॉर्डिंगला लॅपटॉप हवाच. साऊंडक्राफ्टचा यूआय२४आर पेनड्राइव्हवर थेट २२ ट्रॅक घेतो, वस्तू एक नंबर, पण बजेटच्या बाहेर, विषय संपला. टास्कमचा मॉडेल १२ मात्र खरंच आवडला होता, एसडी कार्डवर १२ ट्रॅक, प्रत्येक गोष्टीला स्वतःचं बटण, हाताला साधा मिक्सर वाटतो, मेनूत डोकं घालावं लागत नाही. घोडं अडलं मॉनिटरवर. गायकाला वेगळं ऐकायचंय, तबलजीला वेगळं, मला पेटी थोडी जास्त, आणि तिथे ऑक्स दोनच.

शेवटी झूमचा लाइव्हट्रॅक एल-१२ घेतला, तोही सेकंडहँड, एका कीबोर्डवाल्या मित्राकडून, त्याला मोठा घ्यायचा होता. घ्यायच्या आधी धोबीतलावला जेर महालमधे फर्टाडोजला चक्कर मारून दोन-चार मिक्सरचे फेडर हाताखालून घातले, फोटोवरून फेडरचा अंदाज कधीच येत नाही.

आता हा काय करतो. आठ माईक चॅनल, दोन स्टिरिओ जोड्या, माझ्या वहीतल्या हिशोबात चपखल. आत एसडी कार्ड टाकायचं, रेकॉर्डचं बटण दाबायचं, बारा चॅनल वेगवेगळे आणि वर मास्टरचा, म्हणजे सगळं मिसळलेला, स्टिरिओ धरून १४ ट्रॅक एकदम. लॅपटॉप नको. हे लॅपटॉप नको प्रकरण किती मोठं आहे ते ज्याने भर कार्यक्रमात अपडेटचा निळा स्क्रीन बघितलाय त्यालाच कळेल. फेडर खाली असला तरी ट्रॅक पूर्ण लेव्हलला येतो, कारण रेकॉर्डिंग फेडरच्या आधीच उचललं जातं, म्हणजे स्टेजवर ढोलकी कितीही दाबली तरी घरी ती शाबूत. गेन (माईकचा आवाज आत येतानाच किती वाढवायचा ते) मात्र नीट लावा, तिथे लाल पेटला तर तो ट्रॅक मग कुणाच्या बापाला सुधारता येत नाही. कार्डाचा हिशोब सोपा आहे, ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या क्वालिटीला एक ट्रॅक मिनिटाला साधारण ८ एमबी खातो, १४ ट्रॅक तासाला पावणेसात जीबीच्या आसपास, तीन तासांचा कार्यक्रम ३२ जीबीच्या कार्डात आरामात बसतो.

पण मी विकत घेतला तो खरं तर हेडफोन आऊटसाठी. पाच आऊट आहेत आणि पाचही जणांचं मिक्स वेगळं. आमच्या गायकसाहेबांची सवय म्हणजे दर दोन गाण्यांनी माईकवरूनच "दादा, एको जरा वाढवा", आता त्यांच्या कानात त्यांचा एको वाढवून दिला की ते खूश, हॉलमधल्या लोकांना काही फरक नाही. यासाठीच निम्मे पैसे वसूल.

स्टेजवर आम्ही मंडळाच्या साऊंडवाल्याला फक्त मास्टरच्या दोन लाइन देतो. पहिल्यांदा दिल्या तेव्हा तो भला माणूस चोवीस चॅनलचा मिक्सर पसरून उभा होता, माझ्याकडे बघून म्हणाला, "दोनच? मग मी काय करू?" त्याचा अपमान झाला असं मला उगाच वाटत राहिलं, मग मध्यंतरात त्याला चहा पाजला आणि आतली वायरिंग दाखवली, तेव्हा कुठे गडी हसला. गणपतीत दहाला स्पीकर बंद, काही ठरावीक दिवस बाराची परवानगी असते ते सोडा, त्यामुळे साउंडचेकला वेळच मिळत नाही, आधीच्या मुलांचा डान्स संपतो आणि तुम्हाला दहा मिनिटं. इथे सीन, म्हणजे लेव्हलची जपून ठेवलेली मांडणी, कामाला येतात, ९ सीन सेव्ह करता येतात, आम्ही घरी प्रॅक्टिसला लेव्हल लावून ठेवतो आणि तिथे जाऊन नुसतं उघडतो. गेन सीनमधे येत नाही, त्याच्या खुणा मी मार्करने टेपवर केल्यात. वजन तीन किलोच्या आत, पाठीवर बॅग, लोकलमधे वरच्या रॅकवर ठेवून दादरपर्यंत उभा जातो, फक्त त्याच्यावर कुणी डब्याची पिशवी ठेवत नाही ना तेवढं मान वर करून बघायचं.

खटकणाऱ्या गोष्टी पण आहेत. फेडरना मोटर नाही. म्हणजे मास्टरचं मिक्स सोडून गायकाच्या कानातल्या मिक्सवर गेलात की फेडर जिथल्या तिथेच राहतात, आतली खरी लेव्हल दिव्यांवर बघायची आणि फेडर तिथपर्यंत नेऊन पकडायचा. सुरुवातीला मी एकदा कुठल्या मिक्समधे आहे ते न बघताच फेडर ढकलला, हॉलमधली पेटी वाढवतोय असं समजून तबलजीच्या कानात मीच पेटी भरली, त्याने अशी काही मान फिरवली की काय सांगू. चूक माझीच, पण सवय व्हायला चार कार्यक्रम गेले. इफेक्ट एकच चालतो, म्हणजे आवाजाला हॉलसारखी घुमक आणि बासरीला डिले (मागून येणारा पडसाद) असं एकदम नाही. फँटम (कंडेन्सर माईकला लागणारी वीज) एक ते चार एकत्र आणि पाच ते आठ एकत्र, म्हणून कंडेन्सर माईक सगळे एका बाजूला लावा, मी पेटी आणि बासरी पाचच्या पुढे ठेवतो. आणि बॅटरीवर चालत नाही, अ‍ॅडॅप्टर लागतोच, मंडपात कुणाचा पाय अडकेल सांगता येत नाही म्हणून ती वायर मी चिकटपट्टीने टेबलाच्या पायालाच बांधतो.

घरी रेकॉर्डिंग म्हणजे भांडुपला रात्री अकरानंतर. त्याआधी कुकरच्या शिट्ट्या, समोरच्यांची सिरीयल, आणि मध्य रेल्वे काय कुणाला थांबत नाही. यूएसबीने लॅपटॉपला लावला की १४ आत ४ बाहेर, पण मी तर बऱ्याचदा कार्डवरच घेतो, आधी तानपुरा आणि तबला, मग त्याच्यावर पेटी, मग आवाज, चुकलं तर तेवढाच तुकडा पंच करून परत. फाइल नंतर लॅपटॉपमधे. पावसाळ्यात मात्र मिक्सर बाहेर उघडा ठेवत नाही, झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, बुटाच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या टाकून. बायको हसते, पण मुंबईच्या हवेत फेडरची खरखर सुरू व्हायला दोन पावसाळे पुरतात, मित्राच्या जुन्या मिक्सरवरून बघितलंय.

मल्टिट्रॅकची एक गंमत कुणी सांगितली नव्हती. मागच्या वर्षीचा कार्यक्रम घरी उघडला आणि एकेक ट्रॅक सोलो करत गेलो, तर डग्ग्याच्या ट्रॅकवर, ऐन नाट्यगीताच्या आलापात, आमचा तबलजी हळूच ढोलकीवाल्याला विचारतोय की वडापाव आलेत का. हॉलमधे कुणाला ऐकू गेलं नाही. मी तेवढा तुकडा म्यूट केला, पण मूळ फाइल जपून ठेवलीये.

तुम्ही दोघं-तिघंच असाल, एक गिटार, एक आवाज, एक कहोन (बसून वाजवायचं खोक्यासारखं तालवाद्य), तर एल-१२ घेऊ नका, एल-८ बघा, सहा माईक, कार्डवर रेकॉर्डिंग त्यातही, आणि तो चार पेन्सिल सेलवर किंवा पॉवर बँकवर पण चालतो. माझा तो पहिला दोन-ट्रॅकवाला अजून माळ्यावर पडलाय, कुणाच्या सोसायटीत सत्यनारायणाला लागला तर घेऊन जा, तिथे भटजींचा एक आणि आरतीचा एक, दोन ट्रॅक पुरतात.