ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचे स्वयं-अध्ययनाचे पुस्तक: सात महिन्यांच्या वापरानंतर

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतून ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग (माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकत्र बांधून प्रोग्रॅम लिहिण्याची पद्धत) शिकवणारे एक स्वयं-अध्ययनाचे पुस्तक गेले सात महिने मी रोज साधारण तासभर वापरत आहे. त्याआधी मला व्हेरिएबल, लूप आणि फंक्शन एवढे येत होते. शंभर-दीडशे ओळींचा प्रोग्रॅम जमायचा. त्यापुढे मात्र कोणती किंमत कुठून बदलली जाते याचा माग लागत नसे. पुस्तक एकदा संपले असून दुसरे वाचन अर्ध्यावर आले आहे.

या पुस्तकाचे खरे बळ त्याच्या स्वाध्यायांत आहे. तिसऱ्या प्रकरणात ग्रंथालयाचा एक लहानसा प्रोग्रॅम सुरू होतो आणि तोच शेवटपर्यंत वाढत जातो. दर प्रकरणाच्या अखेरीस एखादी नवी गरज पुढे येते, जसे की उशिरा परत केलेल्या पुस्तकावरचा दंड किंवा एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती, आणि ती भागवण्यासाठी आपणच महिन्यापूर्वी लिहिलेला कोड उघडून त्यात बदल करावा लागतो. क्लास, म्हणजे माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकत्र ठेवणारा साचा, कशासाठी असतो हे मला व्याख्येतून समजले नव्हते. दंडाचा नियम बदलल्यावर एकाच मेथडला (क्लासमध्ये लिहिलेल्या एका क्रियेला) हात लावावा लागला आणि बाकीचा प्रोग्रॅम जसाच्या तसा चालला, तेव्हा ते समजले.

एन्कॅप्सुलेशनचा, म्हणजे क्लासमधली माहिती बाहेरच्या कोडपासून झाकून ठेवण्याचा, धडा माझ्या विशेष लक्षात राहिला आहे. सभासदाच्या क्लासमधली सगळी फील्ड (माहिती ठेवण्याच्या जागा) मी प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून थेट हात लावता येणार नाही अशी केली, प्रत्येकासाठी एक गेटर (आतली माहिती बाहेर देणारी मेथड) लिहिला आणि माहिती सुरक्षित झाली असे मानले. एका सभासदाला जास्तीत जास्त पाच पुस्तके, असा नियमही मेथडमध्ये घातला होता. पुढच्या स्वाध्यायात बाहेरच्या एका क्लासमधून गेटरने मिळालेल्या, सभासदाने घेतलेल्या पुस्तकांच्या यादीत सहावे पुस्तक थेट घालून पाहायला सांगितले होते, आणि ते कोणतीही तक्रार न होता घातले गेले. गेटर यादीची प्रत देत नव्हता, आतली मूळ यादीच बाहेरच्याच्या हाती देत होता. न बदलता येणारी यादी परत करणे हा त्यावरचा एक उपाय पुस्तक सांगते, पण त्याहून मोलाचा प्रश्न ते विचारते: बाहेरच्या कोडला ती यादी मुळात हवीच कशाला? त्या संध्याकाळी मी निम्मे गेटर काढून टाकले.

इतिहासाला पुस्तकाने दोनच पाने दिली आहेत, पण ती वगळू नयेत. ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनी 1960 च्या दशकात घडवलेली सिम्युला भाषा सिम्युलेशनसाठी होती, आणि क्लास व ऑब्जेक्ट (क्लासच्या साच्यातून बनवलेली एकेक वस्तू) या कल्पना सिम्युला 67 मधून पुढे आल्या. रांगा, वाहने, यंत्रे अशा स्वतःची स्थिती बाळगणाऱ्या आणि काळानुसार वागणाऱ्या गोष्टी संगणकात उभ्या करायच्या होत्या, हे कळल्यावर माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकाच ठिकाणी का ठेवायच्या याचे उत्तर आपोआप मिळते.

आता उणिवा. समानतेच्या प्रकरणात दोन ऑब्जेक्ट समान आहेत का हे ठरवणारी इक्वल्स मेथड कशी लिहावी हे नीट समजावले आहे, परंतु तिच्यासोबत ऑब्जेक्टवरून एक संख्या काढून देणारी हॅशकोड मेथडही लिहावी लागते हे परिशिष्टातल्या एका ओळीत उरकले आहे. माझे दोन दिवस त्यापायी गेले. एकाच क्रमांकाची दोन पुस्तके समान ठरत होती, तरी त्यांतले एक हॅशसेटमध्ये (एकच गोष्ट दोनदा न ठेवणाऱ्या जावाच्या संग्रहात) ठेवून दुसऱ्याने शोधले की ते नाही असेच उत्तर येई. हॅशसेट आधी हॅशकोडवरून शोधाची जागा ठरवतो आणि हॅशकोड जुळला तरच इक्वल्सला विचारतो. माझ्या दोन ऑब्जेक्टचे हॅशकोड वेगळे असल्याने इक्वल्सपर्यंत पाळीच येत नव्हती. नवशिक्याला हमखास नडणारी ही गोष्ट मुख्य प्रकरणातच हवी होती.

इनहेरिटन्सच्या, म्हणजे एका क्लासपासून त्याचे गुण घेणारा उपक्लास काढण्याच्या, प्रकरणावर माझा आक्षेप याहून गंभीर आहे. ‘चौरस हा आयतच असतो’ एवढ्या आधारावर चौरसाचा क्लास आयताच्या क्लासपासून काढला आहे आणि तो आदर्श नमुना म्हणून दाखवला आहे. मी तो लिहून पाहिला. चौरसाच्या दोन्ही बाजू सारख्या राहाव्यात म्हणून रुंदी बदलली की उंचीही बदलावी लागते. त्यामुळे आयत समजून रुंदी 5 आणि उंची 4 दिली तर क्षेत्रफळ 20 ऐवजी 16 येते. भूमितीत खरे असलेले नाते कोडमध्ये टिकतेच असे नाही. मूळ क्लासच्या जागी उपक्लासचा ऑब्जेक्ट ठेवला तरी प्रोग्रॅमच्या अपेक्षा मोडू नयेत, हा विचार बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1987 मध्ये मांडला होता. स्वयं-अध्ययन करणाऱ्याला वर्गात शंका विचारायला कोणी नसते, त्यामुळे पुस्तकातला असा नमुना तो निमूटपणे खरा मानून चालतो.

मुद्रणाच्या चुका थोड्या आहेत. स्वाध्यायांची उत्तरे शेवटी दिली आहेत, पण कारणे दिलेली नाहीत. आवृत्ती जुनी असल्याने 2021 मध्ये जावा 16 सोबत पक्के झालेले रेकॉर्ड (फक्त माहिती बाळगणारे क्लास थोडक्यात लिहिण्याची सोय) तिच्यात नाहीत.

ज्यांना लूप आणि फंक्शन येतात आणि जे प्रत्येक स्वाध्याय स्वतः टाइप करून चालवतील, त्यांना मी हे पुस्तक निःसंकोच सुचवतो. मात्र इंटरफेसचे (क्लासने कोणत्या मेथड द्यायच्या एवढेच ठरवणाऱ्या कराराचे) नववे प्रकरण इनहेरिटन्सच्या सातव्या प्रकरणाआधी वाचावे. मी छापील क्रमाने गेलो आणि सभासदांचे चार प्रकार चार उपक्लासमध्ये बसवले. दुसऱ्या वाचनात तिथे सभासदाचा एकच क्लास उरला आहे, आणि दंडाचा नियम त्याला इंटरफेसमधून बाहेरून दिला जातो. विद्यार्थी पुढे शिक्षक झाला, तर आता त्याचा ऑब्जेक्ट नव्याने बनवावा लागत नाही. त्याचा नियम तेवढा बदलतो.