कोकणातल्या मालवाहू गाडीचा विमा: थर्ड पार्टीवर भागेल की फर्स्ट पार्टी हवी?

मासळीची पिकअप असो, सहाचाकी असो की चिरे वाहणारा डंपर, थर्ड पार्टीशिवाय, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याशिवाय, गाडी रस्त्यावर काढताच येत नाही. तेव्हा ठरवायचं ते एवढंच, की तिथेच थांबायचं की स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारी फर्स्ट पार्टी घ्यायची. दुसरा प्रश्न बरेच मालक विचारतच नाहीत: गाडीतल्या मालाचं काय?

थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं, त्यामुळे कंपनी बदलून तो कमी होत नाही. जून २०२२ पासूनच्या दरांत मालासकट एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला वर्षाला १६,०४९ रुपये, १२ ते २० टनांच्या गटाला ३५,३१३ आणि २० ते ४० टनांना ४३,९५०, वर जीएसटी. पिकअप पहिल्या गटात बसते, मोठी सहाचाकी दुसऱ्यात, दहाचाकी तिसऱ्यात. समोरचा माणूस दगावला किंवा जखमी झाला तर कोर्ट ठरवेल ती भरपाई कंपनी देते, त्याला मर्यादा नाही. समोरच्याच्या मालमत्तेसाठी मात्र साडेसात लाखांपर्यंतच. तुमच्या गाडीला यातला एक पैसाही मिळत नाही.

फर्स्ट पार्टीत याच हप्त्यावर ओडीचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता चढतो. तो कंपनी ठरवते, म्हणून घासाघीस इथेच करायची. आपल्याकडे हा खर्च वाया जात नाही असं मला ठामपणे वाटतं. परशुराम घाटात दरड कोसळली, वादळात झाड पडलं, गाडी चोरीला गेली, पुरात बुडाली, हे सगळं ओडीत येतं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तशा पुरात नुसत्या थर्ड पार्टीवाल्याला क्लेमच करता येत नाही.

पण पॉलिसी नीट वाचून घ्या. मालवाहू गाडीच्या साध्या फर्स्ट पार्टीत बंपर, मडगार्ड, दिवे, टायर-ट्यूब आणि रंगकाम धरलेलं नसतं. गाडी पूर्ण निकामी झाली तरच त्यांचा विचार होतो. घाटातल्या वळणावर गाडी कठड्याला घासली की पहिल्यांदा नेमकं हेच फुटतं. त्यासाठी ‘आयएमटी २३’ हे कलम जोडून घ्यावं लागतं. हप्ता थोडा वाढतो आणि टायरसारख्या वस्तूंवर घसाराही, म्हणजे वस्तू जुनी झाल्याबद्दलची रक्कम, कापला जातो, तरी कोकणात मी ते सोडणार नाही. दुसरं, पाण्यात बंद पडलेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. त्यानंतर इंजिन गेलं तर ते पुराचं नुकसान नव्हे, असं म्हणून कंपनी तेवढा क्लेम नाकारते. गाडी टो करून काढा आणि आधी कंपनीला कळवा.

गाडी दहा वर्षांपुढची असेल तर हिशेब बदलतो. लोखंडी भागांवरही निम्मा घसारा कापला जातो आणि आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, उतरलेली असते. कर्ज फिटलेलं असेल आणि पावसाळ्यात गाडी बहुतेक उभीच राहत असेल, तर थर्ड पार्टीवर थांबणं चुकीचं नाही. बँकेचा बोजा असेल तर बँक फर्स्ट पार्टीच मागते.

आता माल. आंब्याच्या पेट्या दरीत गेल्या तर गाडीची पॉलिसी, मग ती फर्स्ट पार्टी का असेना, त्यांचे पैसे देत नाही. त्यासाठी ट्रान्झिट विमा वेगळा घ्यावा लागतो. त्याचे तीन प्रकार असतात: ‘सी’मध्ये आग आणि वीज, ‘बी’मध्ये त्याशिवाय टक्कर, गाडी उलटणं आणि पूल तुटणं, ‘ए’मध्ये जवळपास सगळं. पण दरडीमुळे वाट बंद झाली, गाडी रात्रभर रांगेत अडकली आणि हापूस उबला, तर उशिरामुळे झालेली ही नासाडी ‘ए’मध्येही येत नाही. मासळीचंही तेच. म्हणून आंबा-मासळीवाल्याला ‘ए’चा जास्त हप्ता भरण्यापेक्षा ‘बी’ परवडतो. यंत्रं किंवा काचसामान नेणाऱ्याने मात्र ‘ए’च घ्यावा.

क्लीनर आणि चढ-उतार करणारे गडी किती, ते पॉलिसीवर लिहून घ्या. त्याला फार पैसे पडत नाहीत. ड्रायव्हरचं लायसन्सही तपासा. नोव्हेंबर २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालते, त्याहून जड सहाचाकी नाही. लायसन्स चुकीचं निघालं तर कंपनी जखमीला पैसे देऊन ते तुमच्याकडून वसूल करू शकते. आणि गणपतीत गावची माणसं टेम्पोत बसवत असाल तर त्यांना विमा लागू नाही. अपघात झाला तर त्यांची भरपाई मालकाच्या खिशातून जाते.