अपग्रेड फसल्यानंतर: दुरुस्ती, फॉरमॅट की जुनेच विंडोज?

विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील अनेक घरांमध्ये विंडोज ११ वर जाण्याचा प्रश्न उभा राहिला आहे, आणि तो प्रयत्न पहिल्याच वेळी यशस्वी होईल याची खात्री नसते. संगणक बराच वेळ टक्के दाखवतो, मध्येच आपोआप बंद-चालू होतो, मग ‘अनडूइंग चेंजेस’ असा संदेश येतो आणि शेवटी जुनेच विंडोज १० पडद्यावर दिसते. संगणकाने केलेले बदल स्वतःच मागे घेतले एवढाच याचा अर्थ असून, आपल्या फाइली बहुधा जिथल्या तिथे असतात. यापुढे तीन पर्याय उरतात: कारण शोधून अपग्रेड पुन्हा करणे, सर्व काही पुसून विंडोज नव्याने टाकणे, किंवा काही काळ विंडोज १० वरच राहणे. संगणक दुकानात नेला की अनेकदा ‘फॉरमॅट मारून देतो’ हेच उत्तर मिळते, कारण त्या कामाला किती वेळ लागेल हे दुकानदाराला आधीच ठाऊक असते. घरच्या संगणकाच्या बाबतीत मात्र, दोन अपवाद सोडले तर, तो पर्याय शेवटी विचारात घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

निवड करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासणे आवश्यक आहे, कारण पुष्कळदा निर्णय तिथेच होतो. पहिली गोष्ट म्हणजे संगणकाची पात्रता. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग), यूईएफआय (संगणक सुरू करणारी नवी व्यवस्था), सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देण्याची) सोय, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझेन २००० मालिकेतील अथवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप नेमके काय कमी आहे ते सांगते. टीपीएम नाही असे उत्तर आले तरी लगेच निराश होऊ नये, कारण तो प्रोसेसरमध्ये असूनही बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेला असू शकतो. इंटेलच्या यंत्रांत तो पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या यंत्रांत एफटीपीएम या नावाने सापडतो. प्रोसेसरच जुना असेल, तर दुरुस्ती आणि फॉरमॅट यांपैकी कशानेही तो पात्र होत नाही. अट चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या सर्वत्र सांगितल्या जातात, परंतु अशा यंत्राला पुढील अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, त्यामुळे ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात त्यावर हा प्रयोग मी सुचवणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे डिस्कची प्रकृती. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या मोफत साधनाने हार्डडिस्क धोक्याच्या अवस्थेत दाखवली, तर तिच्यावर पुन्हा अपग्रेड लादू नये आणि तीच डिस्क फॉरमॅटही करू नये. अशा वेळी नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घेऊन तिच्यावर विंडोज नव्याने टाकावे आणि जुनी डिस्क न पुसता बाजूला ठेवून तिच्यातील फाइली उतरवून घ्याव्यात. नवी मांडणी निःसंशय योग्य ठरते असा हा पहिला अपवाद आहे.

डिस्क चांगली असेल, तर दुरुस्तीचा पर्याय सरस आहे, कारण त्यात फाइली, बसवलेली सॉफ्टवेअर आणि सेटिंग सर्व टिकते. रावेर-यावलकडे केळीचा व्यापार सांभाळणाऱ्या घरातील संगणकावर टॅलीचा हिशेब, श्रीलिपीचे जुने फाँट, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर (उपकरण विंडोजशी जोडणारे सॉफ्टवेअर) आणि एखादा जुना प्रिंटर एकत्र नांदत असू शकतो. हे सारे पुन्हा उभे करण्याचे कष्ट फॉरमॅटच्या दरात कधीच धरलेले नसतात. दुरुस्तीत वेळ जातो तो कारण शोधण्यात. अपग्रेड फसताना पडद्यावर दिसलेल्या त्रुटीच्या कोडमध्ये ८००७००७० हे आकडे असतील तर सी ड्राइव्हवर जागा अपुरी आहे, आणि सी१९००१०१ ने सुरू होणारा कोड असेल तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा असतो. कोड नोंदवायचा राहिला असल्यास मायक्रोसॉफ्टचे ‘सेटअपडायग’ हे साधन अपग्रेडच्या नोंदी वाचून अपयशाचे कारण शोधते. त्यानंतर प्रिंटर, पेनड्राइव्ह आणि बाहेरील डिस्क काढाव्यात, बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस तात्पुरता काढून टाकावा, ड्रायव्हर अद्ययावत करावेत, आधी ‘डिज्म’ आणि मग ‘एसएफसी’ या आज्ञांनी सिस्टीमच्या फाइली दुरुस्त कराव्यात आणि विंडोज अपडेटऐवजी आयएसओ फाइल (विंडोजची संपूर्ण प्रत असलेली एकच फाइल) उतरवून, चालू विंडोजमधूनच तिचा सेटअप सुरू करून ‘फाइली आणि ॲप ठेवा’ हा पर्याय निवडावा. ही फाइल ५ जीबीपेक्षा मोठी आहे, त्यामुळे मोबाइलच्या रोजच्या डेटावर ती अर्ध्यात अडकू शकते.

आपल्याकडे विजेचा आणि उन्हाचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. डेस्कटॉप घरच्या इन्व्हर्टरवर चालत असेल, तर वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणार्धात तो बंद पडू शकतो आणि अपग्रेडच्या मध्यावर असे होणे घातक ठरते. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचे बटण असल्यास ते चालू करावे, अन्यथा वेगळा यूपीएस जोडावा. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात तापमान ४५ अंशांकडे जात असताना धूळ बसलेल्या कॅबिनेटला दुपारी हे काम देऊ नये. आधी पंखे स्वच्छ करावेत आणि पहाटे सुरुवात करावी.

कारण दूर करूनही अपग्रेड त्याच टप्प्यावर थांबत असेल, किंवा विंडोजमध्ये व्हायरस शिरला असेल, तर फॉरमॅटचा दुसरा अपवाद लागू होतो. त्यापूर्वी केवळ डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स यांचीच नव्हे, तर टॅलीच्या डेटा फोल्डरची आणि फाँटचीही प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी. विंडोज १० रीतसर ॲक्टिव्हेट असेल, तर त्याच यंत्रावर विंडोज ११ ची तीच आवृत्ती, म्हणजे होमच्या जागी होम आणि प्रोच्या जागी प्रो, इंटरनेट जोडताच सहसा आपोआप ॲक्टिव्हेट होते. त्यामुळे दुकानात चोरीची प्रत टाकून घेण्याचे काहीच कारण उरत नाही.

यंत्र अपात्र असेल, तर विंडोज १० वर राहताना वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करावी. विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खाते असल्यास घरगुती संगणकाला ही अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची तरतूद करण्यात आली, आणि सेटिंगचा बॅकअप त्या खात्याशी जोडल्यास त्यासाठी पैसे पडत नाहीत. ही केवळ मुदतवाढ आहे. ज्या घरात संगणकाचा उपयोग ब्राउझर, पत्रलेखन आणि चित्रपट एवढाच आहे, तिथे विंडोजच्या जागी बसवता येणारी लिनक्स मिंट ही प्रणाली हा चांगला आणि मोफत पर्याय आहे. टॅली त्यावर थेट चालत नाही, म्हणून व्यापारी घरासाठी मी तो सुचवत नाही.

दुरुस्ती आणि फॉरमॅट यांच्यातील आणखी एक फरक काम झाल्यानंतर उपयोगी पडतो. अपग्रेड यशस्वी झाल्यावर जुने विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये राहते आणि सेटिंगमधील रिकव्हरीतून १० दिवसांपर्यंत परत जाता येते. फॉरमॅटनंतर अशी सोय नसते. म्हणून त्या १० दिवसांत टॅलीची नोंद, प्रिंटरची प्रत, डिजिटल सही आणि मराठी टंकलेखन हे सर्व एकेकदा करून पाहावे, आणि तोवर जागा मोकळी करण्यासाठी ते फोल्डर पुसू नये.